व्यंग गर्भाचें, दोष सुनेचा!

घरांत मूल जन्मास आलें आणि त्याचा ओठ दुभंगलेला, पाठीचा कणा उघडा किंवा पाऊल वांकडें असें दिसलें, म्हणजे आमच्या घरांतून पहिला प्रश्न विचारला जातो तो डॉक्टरास नव्हे, तर नुकत्याच बाळंत झालेल्या बाईस. ‘ग्रहणाच्या दिवशीं विळीवर बसली होतीस काय? सुईदोरा हातीं धरला होतास काय? तिन्हीसांजेला कोठें गेली होतीस?’ अशी तिची उलटतपासणी सुरू होते. उत्तर काय येतें याला महत्त्व नसतें, कारण निकाल आधींच ठरलेला असतो. कांहींच सांपडलें नाहीं तर तिच्या माहेरच्या रक्ताचा, तिच्या पायगुणाचा किंवा पूर्वजन्मींच्या पातकाचा दाखला निघतो. मूल धडधाकट झालें तर तें वंशाचें नांव काढणारें, आणि व्यंग घेऊन आलें तर तें आईच्या कर्माचें फळ, असा हा आमचा घरगुती न्याय आहे. शिकलेल्या घरांतूनहि तो हद्दपार झालेला नाहीं. त्याची भाषा तेवढी सौम्य झाली आहे.

हा न्याय निर्दय आहे एवढेंच आम्हांस सांगावयाचें असतें, तर चार ओळींत काम भागलें असतें. आमचें म्हणणें याहून पुढचें आहे. हा न्याय खोटा आहे, आणि खोटा असल्यामुळें खरें कारण व खरी वेळ हीं दोन्ही त्याच्या आड दडून राहतात. परिणामीं जीं व्यंगें टाळतां येण्याजोगीं आहेत, तींहि न टळतां घडत राहतात. सुनेस दोष देऊन झाला म्हणजे घरास वाटतें कीं प्रश्न सुटला. वास्तविक तो सुटण्याचा दिवस केव्हांच निघून गेलेला असतो.

तो दिवस कोणता, तें प्रथम पाहूं. गर्भधारणा झाल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आंत, ज्या नळीपासून पुढें मेंदू व पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जु बनतो, ती नळी मिटून पुरी होते. ती वरच्या टोकास उघडी राहिली तर मेंदू व कवटी धडपणें बनत नाहींत, आणि असें मूल जगत नाहीं. ती खालीं उघडी राहिली तर पाठीवर गांठ येते, पायांतील शक्ति जाते, मलमूत्रावरचा ताबा राहत नाहीं, आणि पुष्कळदां डोक्यांत पाणी सांचतें. वरचा ओठ चवथ्या ते सातव्या आठवड्यांत सांधला जातो. टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यांत मिटते. म्हणजे पाळी चुकून दोन आठवडे होतात न होतात, तोंच मज्जानळीचें काम आटोपलेलें असतें. ज्या बाईस आपण गर्भार आहों याची स्वतःलाच पुरती खात्री नाहीं, जिनें सासूच्या कानावर अजून कांहीं घातलेलें नाहीं, जिचें नांव कोणत्याहि दवाखान्याच्या वहींत चढलेलें नाहीं, तिच्या पोटांत हें सर्व घडून गेलेलें असतें.

मग सातव्या महिन्यांतल्या ग्रहणानें बाळाचा ओठ कसा फाटावा? जो ओठ कित्येक महिन्यांपूर्वीं सांधून पुरा झाला, तो सूर्यावर सावली पडल्यानें पुन्हां उसवत नाहीं. ग्रहण एकाच दिवशीं लाखों घरांवरून जातें. दुभंगलेले ओठ मात्र ग्रहण असो वा नसो, बारा महिने जन्मास येतात. आमच्या पंचांगकर्त्यांना ग्रहणाचा स्पर्श व मोक्ष अगदीं पळापळाच्या हिशोबानें सांगतां येतो. त्यांनीं हेंहि गणित एकदां मांडून पाहावें. उलट, ग्रहणकाळीं गर्भवतीस अन्नपाण्यावांचून अंधाऱ्या खोलींत बसवून ठेवण्यानें तिला जो त्रास होतो, तो मात्र खरा असतो.

सामान्यतः जन्मणाऱ्या शंभर मुलांपैकीं दोन-तीन मुलांत कांहीं तरी मोठें व्यंग असतें. यांतल्या निम्म्याहून अधिक व्यंगांचें नेमकें कारण वैद्यकशास्त्रास आजहि दाखवितां येत नाहीं. ज्या ठिकाणीं शास्त्र कोणाकडे बोट दाखवीत नाहीं, त्या ठिकाणीं घरानेंहि तें दाखवूं नये, हा साधा विवेक आहे. परंतु कांहीं कारणें निश्चित कळलीं आहेत, आणि तीं कशीं कळलीं याचा इतिहास बोधप्रद आहे. १९४१ सालीं ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहरीं नॉर्मन ग्रेग नांवाच्या नेत्रवैद्याकडे मोतीबिंदु असलेलीं तान्हीं मुलें एकामागून एक येऊं लागलीं. त्यानें अशा अठ्ठ्याहत्तर मुलांची हकीकत गोळा केली, तेव्हां दिसून आलें कीं बहुतेक मातांना गर्भारपणाच्या आरंभीं जर्मन गोवर, म्हणजे रुबेला, येऊन गेला होता. थॅलिडोमाईड हें झोपेचें व मळमळीवरचें औषध जर्मनींत १९५७ सालीं बाजारांत आलें आणि १९६१ च्या नोव्हेंबरांत मागें घेतलें गेलें. तेवढ्या अवधींत जगभर दहा हजारांहून अधिक मुलें हातापायांचीं व्यंगें घेऊन जन्मास आलीं. त्या मातांनीं कोणतें पातक केलें होतें? निर्धोक म्हणून जाहिरात झालेली गोळी त्यांनीं विश्वासानें घेतली होती, इतकेंच. दोन्ही ठिकाणीं सत्य बाहेर आलें तें मातेस आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करून नव्हे. तिला साक्षीदार समजून, तिची हकीकत शांतपणें ऐकून घेऊन.

आतां मज्जानळीच्या व्यंगाकडे वळूं. कारण टाळण्याचा उपाय इतका स्वस्त आणि इतका सिद्ध असलेलें दुसरें मोठें व्यंग क्वचितच सांपडेल. या उपायाच्या इतिहासाचा आरंभ आमच्या मुंबईंत झाला, हें फारच थोड्यांस ठाऊक आहे. १९२८ नंतर ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीण मुंबईस आल्या, आणि गर्भवती स्त्रियांस, विशेषतः गरीब कामकरी स्त्रियांस, होणाऱ्या एका घातक पांडुरोगाचा त्यांनीं शोध आरंभिला. कोणाच्या नशिबास बोल न लावतां त्यांनीं त्या स्त्रियांच्या ताटांत काय पडतें तें पाहिलें. यीस्टचा अर्क दिल्यानें हा रोग बरा होतो, हें त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य पुढें पालकाच्या पानांतूनहि निघालें, आणि १९४१ सालीं त्याला फोलिक ॲसिड हें नांव मिळालें. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून तें नांव पडलें आहे. म्हणजे शास्त्रज्ञांनीं ज्याला नवें जीवनसत्त्व म्हटलें, तें आमच्या मंडईंतील पालेभाजींत पूर्वींपासूनच होतें. ज्यांना तें सर्वांत अधिक हवें, त्यांच्या वांट्यास मात्र तें पुरेसें येत नव्हतें.

या द्रव्याच्या उणीवेचा गर्भाच्या व्यंगाशीं संबंध असावा, असा तर्क इंग्लंडांत १९६५ सालीं पुढें आला. त्याचा निर्विवाद पुरावा १९९१ सालीं मिळाला. ज्यांना मज्जानळीचें व्यंग असलेलें मूल पूर्वीं झालें होतें, अशा स्त्रियांवर सात देशांतील तेहतीस केंद्रांत ही परीक्षा झाली. ज्यांचा शेवट कळला अशा ११९५ गर्भांपैकीं २७ गर्भांत तें व्यंग पुन्हां आढळलें. मातांपैकीं सुमारें निम्म्यांना फोलिक ॲसिड दिलें होतें व निम्म्यांना दिलें नव्हतें. दिलेल्यांत व्यंगें निघालीं ६, न दिलेल्यांत २१. शंभरांपैकीं बहात्तर व्यंगें टळतात, असा याचा हिशोब आहे. फरक इतका स्पष्ट होता कीं परीक्षा मुदतीपूर्वींच थांबविण्यांत आली. कारण तो उपाय कोणापासूनहि राखून ठेवणें अन्यायाचें झालें असतें. पुढच्याच वर्षीं हंगेरींत, पूर्वीं असें मूल न झालेल्या स्त्रियांतहि हाच गुण दिसून आला.

आपल्या देशांत मज्जानळीच्या व्यंगाचें प्रमाण, ठिकठिकाणचे अभ्यास एकत्र करून पाहतां, हजारीं चारांच्या आसपास निघतें. अमेरिकेंत तें हजारीं एकाहूनहि कमी आहे. मग आमच्याकडे गोळ्या नाहींत काय? आहेत. अंगणवाडींत आहेत, सरकारी दवाखान्यांत आहेत, आशाताईंच्या पिशवींत आहेत. परंतु बहुतेक घरांतून दिवस राहिल्याची वार्ता तीन महिने झांकून ठेवण्याची रीत आहे. नांव नोंदविलें जातें तें त्यानंतर, आणि लोह व फोलिक ॲसिडची लाल गोळी हातीं पडते ती चवथ्या महिन्यांत. ती गोळी मातेच्या रक्तासाठीं आवश्यकच आहे. परंतु जी नळी पहिल्याच महिन्यांत मिटली किंवा उघडी राहिली, तिला या गोळीचा कांहीं उपयोग नाहीं. पीक हातचें गेल्यावर आलेल्या पावसासारखी तिची गत होते. जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें स्पष्ट आहे: मूल व्हावें अशी इच्छा असेल तेव्हांपासून, निदान गर्भधारणेच्या एक महिना आधींपासून, बारा आठवडे पुरे होईपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड घ्यावें. आमच्या सरकारच्या २०१८ च्या पांडुरोग-निर्मूलन योजनेंतहि हेंच म्हटलेलें आहे. ज्या बाईस असें मूल पूर्वीं झालें असेल, तिला याच्या दसपट किंवा त्याहून अधिक मात्रा डॉक्टरच्या सल्ल्यानें द्यावी लागते.

येथें सुधारणेचा खरा अडथळा पुढें येतो. नव्या सुनेनें अशी गोळी मागितली तर घर काय म्हणेल? ‘हिला कसला आजार आहे? माहेरच्यांनीं कांहीं लपविलें काय?’ म्हणजे ज्या घरास नातवंडाच्या व्यंगाबद्दल सुनेस जाब विचारण्याची लाज वाटत नाहीं, त्या घरास तें व्यंग टाळणारी, चहाच्या एका पेल्याहूनहि स्वस्त अशी गोळी तिच्या हातीं दिसलेली खपत नाहीं. लग्नाच्या यादींत शालू, पैठणी आणि मानपान यांचा खल करणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं, नव्या जोडप्यास डॉक्टराकडे एकवार पाठविण्याचें कलमहि त्या यादींत घालावें. मुलीस गोवर-रुबेलाची लस मिळाली आहे कीं नाहीं, रक्तांत साखर वाढलेली आहे काय, अपस्माराचें औषध चालू आहे काय, एवढें तेथें पाहिलें जावें. साखर ताब्यांत नसतां गर्भ राहिला तर हृदयाचीं व मज्जानळीचीं व्यंगें वाढतात. अपस्मारावरील व्हॅल्प्रोएट हें औषध गर्भास विशेष धोक्याचें आहे. मात्र तें आपल्या मनानें एकाएकीं बंद करूं नये, डॉक्टरकडून आधींच बदलून घ्यावें. मद्य वर्ज्य करावें, हें सांगावयास नकोच. तमाखूची मिश्री मात्र आमच्या बायका व्यसनांत धरीत नाहींत. ती दांतांस लावली तरी रक्तांत उतरते, आणि पोटांतलें मूल हलकें भरतें.

या यादींत पुरुषांचाहि वांटा आहे. आतेमामे भावंडांची लग्नें आमच्या पुष्कळ जातींतून मानाचीं समजलीं जातात. जवळच्या रक्ताच्या अशा लग्नांत व्यंगाची भीति सामान्य लग्नाच्या सुमारें दुप्पट असते. कारण एकाच पूर्वजापासून आलेला सुप्त दोष नवरा व बायको या दोघांकडून मुलास मिळूं शकतो. असा दोष प्रकट होण्यास दोन्ही बाजू लागतात. तेव्हां ‘माहेरच्या रक्ताचा दोष’ हें वाक्य बोलणाऱ्यानें आपल्याहि रक्ताचा अर्धा भाग त्यांत मोजावा.

परंतु कितीहि उपदेश केला तरी प्रत्येक गर्भ कांहीं ठरवून राहत नाहीं. म्हणून शहाण्या राष्ट्रांनीं हें द्रव्य रोजच्या अन्नांतच घातलें. अमेरिकेनें १९९८ च्या आरंभापासून दळलेल्या धान्यांत तें घालण्याची सक्ति केली. त्यायोगें दर वर्षीं सुमारें तेराशें मुलें या व्यंगापासून वांचतात, असा तेथील आरोग्य-खात्याचा अंदाज आहे. चिली देशानें २००० सालापासून हीच वाट धरली, आणि तेथें हीं व्यंगें सुमारें निम्म्यावर आलीं. उलट ज्या इंग्लंडांतून १९९१ चा पुरावा निघाला, त्याच इंग्लंडनें पिठांत हें द्रव्य घालण्याचा निर्णय २०२१ पर्यंत लांबविला. ज्ञान हातीं असणें आणि तें वापरणें यांत तीस वर्षांचें अंतर पडूं शकतें, हा धडा आम्हीं घ्यावयाचा आहे.

आपल्याकडे २०१८ च्या नियमांनीं सत्त्वयुक्त आट्याचें माप ठरविलें: किलोस ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड. हिशोबाची संवय असलेल्या आमच्या व्यापारी वाचकांनीं हें गणित करून पाहावें. बाईनें दिवसांत तीनशें ग्रॅम आटा खाल्ला, तरी तिला मिळणार बावीस ते सदतीस मायक्रोग्रॅम. हवें तर ४००. अमेरिकेंत हेंच माप किलोस १४०० आहे. तेथें पिठाचा खप आमच्याइतका नाहीं म्हणून मात्रा मोठी ठेवली, हें कबूल. परंतु तें ध्यानांत घेऊनहि आमचें माप गर्भरक्षणास अपुरें पडतें. शिवाय हे नियम आट्यास सक्तीचे केलेले नव्हते. आणि महाराष्ट्रांत तर निम्मी भाकरी ज्वारी-बाजरीची, आणि गहूंहि शेजारच्या गिरणींत दळलेला. तेथें कारखान्याच्या पिठांतील सत्त्व पोंचावयाचें कसें?

याचें उत्तर मिठानें देऊन ठेविलें आहे. आयोडीनच्या उणीवेनें गर्भाचा मेंदू खुंटतो, मूल बहिरें-मुकें व मंदबुद्धि होतें. १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनीं कांगडा खोऱ्यांत आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला. १९६२ पासून तें राष्ट्रीय धोरण झालें. सप्टेंबर २००० मध्यें ‘खाणाऱ्यावर सक्ति नको’ म्हणून केंद्र सरकारनें साध्या मिठावरील बंदी उठविली. परंतु २००६ सालीं ती पुन्हां घालावी लागली. आज गरिबाच्या चुलीपर्यंत आयोडीन पोंचतें तें वाण्याच्या दुकानांतून, आणि तें घालणारा हात गाहकास दिसतहि नाहीं. याच मिठांत फोलिक ॲसिड घातलें तर काय होतें, हें दक्षिणेंतील कांहीं खेड्यांत पाहण्यांत आलें. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या लहानशा परीक्षेंत चार महिन्यांत स्त्रियांच्या रक्तांतील त्याचें प्रमाण तिपटीहून अधिक वाढलें. परीक्षा लहान आहे; पण दिशा बरोबर आहे. मोठ्या प्रमाणावर ती करून पाहणें हें सरकारचें काम, आणि ती यशस्वी झाल्यास दुकानीं तसलेंच मीठ ठेवणें हें आमच्या व्यापारी बंधूंचें.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. शाकाहारी लोकांत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव फार असते, आणि नुसतें फोलिक ॲसिड वाढविल्यानें ती उणीव झांकली जाते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं आसपासच्या खेड्यांतील मातांचा अभ्यास करून २००८ सालीं दाखविलें कीं, ज्या मातांत फोलेट अधिक व ब-१२ कमी, त्यांच्या मुलांत पुढें मधुमेहाकडे नेणारीं लक्षणें अधिक दिसतात. याचा अर्थ फोलिक ॲसिड नको असा नव्हे, तर त्याच्या जोडीला ब-१२ हि हवें, असा आहे. दूध, दही, अंडीं खाणाऱ्या घरांतहि तें पहिल्यानें सुनेच्या ताटांत पडलें पाहिजे. सर्वांचें जेवण झाल्यावर उरलेलें नव्हे.

शेवटीं, सर्व उपाय करूनहि कांहीं मुलें व्यंग घेऊन येणारच. तीं कोणाचें पाप नव्हेत. तीं आमचीं लेंकरें आहेत. दुभंगलेला ओठ शस्त्रक्रियेनें उत्तम सांधतां येतो. वांकडें पाऊल लहानपणींच प्लास्टर घालून सरळ करतां येतें. अशीं व्यंगें शोधून विनामूल्य उपचार देणारी बालस्वास्थ्य योजना २०१३ च्या फेब्रुवारींत आमच्याच पालघरहून सुरू झाली. नवसासायासांत महिने घालविण्यापेक्षां पहिल्याच आठवड्यांत अशा मुलास डॉक्टरास दाखवावें.

ज्या गृहस्थांच्या घरीं यंदा सून यावयाची आहे, त्यांस आमची एवढीच विनंति आहे. तिच्या पोटीं काय येईल याची चिंता असेल, तर ती नवव्या महिन्यांत करूं नका, आणि बाळंतिणीच्या खाटेशीं उभें राहून तर मुळींच करूं नका. ती लग्नाच्या मांडवांत करा. तेथें ती थोड्या पैशांत भागते. उशीर झाला तर तीच एका निरपराध मातेला आणि तिच्या बालकाला जन्मभर पुरते.